एकशेवीस शब्द आणि मधली वर्षं

गणपतीच्या साधारण दीड महिना आधीची गोष्ट. आमच्या सुदामानगरच्या मंडळातले एक काका संध्याकाळी घरी आले, हातात डायरी, आणि म्हणाले की यंदा मांडवात देखाव्याबरोबर एक प्रदर्शन लावायचंय, आपल्या माळव्यातले आणि ग्वाल्हेरकडचे संगीतातले, लेखनातले, पेपरातले मोठे लोक, प्रत्येकाचा एक फोटो आणि खाली परिचय, आणि तो परिचय तू लिही. शब्द किती, मी विचारलं. फ्लेक्सच्या साइझप्रमाणे एकशेवीस. त्याच्या वर गेलं तर अक्षरं बारीक होतात आणि आपल्या मंडळात निम्मे लोक साठीच्या पुढचे, कोणाला वाचता येत नाही.

मी शाळेत हिंदी शिकवते, घरी मराठी बोलते, इंदूरमधे माझ्यासारखे खूप आहेत. एकशेवीस शब्दांचं काम म्हणजे एका रविवारचं, असं धरून बसले. महिना गेला.

सगळ्यात आधी अर्थातच लतादीदी. २८ सप्टेंबर १९२९, इंदूर. शीख मोहल्ल्यात जन्म, हे इथे लहान पोरालाही माहीत असतं, पाहुणे आले की आम्ही त्यांना राजवाड्याबरोबर ते पण सांगतोच. पहिला मसुदा लिहिला तेव्हा माझे तीस शब्द इंदूरवरच गेले. मग नीट बघितलं तर लक्षात आलं की दीनानाथांची नाटक कंपनी, सततचे दौरे, मग सांगली, एप्रिल १९४२ मधे पुण्यात वडील गेले तेव्हा ही तेरासुद्धा पूर्ण नाही, आणि मग पाच भावंडांत मोठी म्हणून कामाला लागली. ते सगळं इंदूरच्या बाहेर घडलंय. इंदूरच्या वाट्याला जन्म आला. मोठी गोष्ट आहे ती, मध्य प्रदेश सरकार १९८४ पासून त्यांच्या नावाचा पुरस्कार देतं तोही याच अभिमानानं, पण बाईंचं घडणं दुसरीकडचं, आणि मी ते तसंच लिहिलं. काकांना जरा वाईट वाटलं. म्हणाले, इंदूर दोनदा तरी येऊ दे. एकदाच ठेवलं.

पण त्यावरून मला एक नाद लागला. लिहिताना प्रत्येकाच्या बाबतीत मी शोधायला लागले की हा माणूस घडला कधी आणि कुठे. परिचय नावाचा जो प्रकार आपण स्मरणिकांमधे, दिवाळी अंकांत, कार्यक्रमाच्या सुरुवातीला निवेदिकेच्या तोंडून वर्षानुवर्षं ऐकतो त्याचा एक ठरलेला साचा आहे, जन्म अमुक ठिकाणी, वडील अमुक, गुरू अमुक, मग एकदम पुरस्कार, पद्म, मग निधन. मधली वर्षं कुठेत? ज्या वर्षांत काहीच होत नव्हतं, नोकरी धड नव्हती, आवाज बंद होता, कविता वहीत पडून होत्या, ती वर्षं कोणीच लिहीत नाही. आणि आमच्या माळव्याची गंमत अशी की बऱ्याच जणांची नेमकी तीच वर्षं इथे गेलीयत.

कुमारांचंच बघा. शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकाळीमठ, जन्म ८ एप्रिल १९२४, बेळगावजवळ सुळेभावी. सहा-सात वर्षांचा असताना मोठ्या गवयांच्या रेकॉर्ड ऐकून हुबेहूब गाणारा मुलगा, त्यावरून 'कुमार गंधर्व' ही पदवी, मग मुंबईत बी. आर. देवधरांकडे शिक्षण. इथपर्यंत सगळे लिहितात. त्यानंतर बहुतेक ठिकाणी काय असतं, 'आजारपणामुळे काही काळ गायन बंद होते, त्यानंतर त्यांनी नव्या जोमाने...' वगैरे. चार-पाच शब्दांत आजारपण संपलं.

त्या चार-पाच शब्दांत किती आहे. १९४७ मधे भानुमतीबाईंशी लग्न, आणि लगेचच क्षयाचं निदान. तेव्हा क्षय म्हणजे काय होतं ते आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांना विचारावं. हवा कोरडी म्हणून जानेवारी १९४८ मधे देवासला आले, इंदूरपासून पस्तीसेक किलोमीटर, आता तर अर्ध्यापाऊण तासात पोचतो. वय तेवीस. डॉक्टरांनी गाणं बंद केलेलं. भानुमतीबाई स्वतः उत्तम गाणाऱ्या, त्यांनी शाळेत नोकरी धरली आणि घर चालवलं, आणि हा माणूस पाचेक वर्षं खाटेवर पडून. लहानपणापासून ज्याच्या गळ्यातनं गाणं थांबलंच नाही त्याला सांगायचं की गप्प राहा. मग तो ऐकत बसला. देवासच्या टेकडीखाली रस्त्यानं जाणाऱ्या बायकांची माळवी गाणी, नाथपंथी जोग्यांची निर्गुणी भजनं, बाजारातले आवाज. नवीन औषध आलं, स्ट्रेप्टोमायसिन, त्यानं जीव वाचला, एक फुप्फुस मात्र जवळजवळ कामातनं गेलं. १९५३ च्या आसपास परत गायला लागले तेव्हा गाणं वेगळंच झालेलं होतं. छोट्या छोट्या झेपा, मधे अचानक थांबणं, लोकधुनांतून उगवलेले राग, मालवती, संजारी, लगनगंधार. पुढे कबीर.

भानुमतीबाई १९६१ मधे गेल्या, दुसऱ्या मुलाच्या जन्माच्या वेळी. देवासच्या घराचं नाव 'भानुकुल'. माझ्या पहिल्या मसुद्यात त्यांचं नावच नव्हतं. पद्मविभूषण होतं, १९९० चं, आणि ज्या बाईच्या शाळेच्या पगारावर ती पाच वर्षं निघाली तिला मी एकशेवीस शब्दांत जागा दिली नव्हती. ते माझं मलाच वाचून इतकं खटकलं की रात्री उठून परत लिहायला बसले. पुरस्कार सगळे काढले. बारा शब्द सुटले, त्यात भानुमतीबाई आल्या.

दुसऱ्या दिवशी काका म्हणाले, अगं अॅवॉर्ड नाही टाकले तर लोकांना कळणार कसं की मोठा माणूस आहे? मी म्हटलं, काका, कुमारांबद्दल हे कोणाला सांगायला लागेल? ते जरा वेळ बघत राहिले, मग म्हणाले, बरं, पण अमीर खाँसाहेबांचं असू दे, नवीन पोरांना ते माहीत नाहीत.

तर खाँसाहेबांचं पद्मभूषण राहिलं, १९७१. आणि खरं सांगायचं तर खाँसाहेबांच्या वेळी मला वेगळीच अडचण आली. त्यांचं घर बंबई बाजारात, वडील शहामीर खाँ सारंगी वाजवायचे, होळकर दरबाराशी संबंध, घरी गाणाऱ्यांची ये-जा. मुलाला आधी सारंगी आणि मग गाणं. वडिलांनी मेरुखंड घोटून घेतलं, म्हणजे चार सुरांच्या चोवीस रचना होतात, सात सुरांच्या पाच हजार चाळीस, आणि हे गणित डोक्यात नाही तर गळ्यात बसायला पाहिजे, रोज, वर्षानुवर्षं. आता हे एकशेवीस शब्दांत कसं बसवायचं? मी फक्त 'पाच हजार चाळीस' हा आकडा ठेवला. म्हटलं मांडवात उभा राहून वाचणारा एखादा तरी पोरगा घरी जाऊन हिशोब करेल. विलंबितासाठी अब्दुल वहीद खाँ, तानेसाठी देवासचे रजब अली खाँ, मेरुखंडासाठी अमान अली खाँ, असे तीन जणांचे संस्कार सांगितले जातात, पण खाँसाहेब समोर बसून त्यांचे गंडाबंध, म्हणजे रीतसर गंडा बांधून घेतलेले, शागीर्द असे नव्हते, ऐकून ऐकून घेतलेलं. हे आमच्याकडच्या लोकांचं सारखं दिसतं मला, ऐकणं. १३ फेब्रुवारी १९७४ ला कलकत्त्यात मोटार अपघातात गेले, वय एकसष्ट. सिनेमामुळे ज्यांनी त्यांना ऐकलं असे खूप आहेत, १९५२ च्या 'बैजू बावरा'मधली जुगलबंदी तर आईच्या पिढीला तोंडपाठ.

आई माझी ब्याऐंशीची. हे सगळं मी तिच्यासमोर मोठ्यानं वाचायचे, ती भाजी निवडत ऐकायची. तिला कुमारांच्या पॅरेग्राफला काही बोलायचं नव्हतं, फक्त एवढंच म्हणाली की ते मधेच थांबायचे ना, तेव्हा सगळे श्वास धरून बसायचे, आपल्याला वाटायचं आता येतं की नाही. तिनं त्यांना लग्नाआधी ऐकलंय, इंदुरात, सतरंजीवर बसून. मी ते लिहून ठेवलं पण फ्लेक्सवर घातलं नाही.

तांब्यांच्या वेळी मात्र तिनं भाजी बाजूला ठेवली.

भास्कर रामचंद्र तांबे, जन्म १८७३, मुंगावली, म्हणजे जुन्या ग्वाल्हेर संस्थानातलं गाव. शिक्षण देवासला, नोकऱ्या मध्य भारतातल्या संस्थानांत, कधी इथे कधी तिथे, शेवटी ग्वाल्हेरचे राजकवी, आणि ७ डिसेंबर १९४१ ला ग्वाल्हेरलाच गेले. मराठीतला इतका गोड गीतकवी आणि महाराष्ट्रात त्याचं आयुष्य जवळजवळ गेलंच नाही. पहिला संग्रह छापला गेला १९२० मधे, तोसुद्धा वा. गो. मायदेवांनी मनावर घेतलं म्हणून, दुसरा भाग १९२७ ला अज्ञातवासींनी काढला, समग्र कविता १९३५ ला माधव जूलियनांनी संपादित केली. म्हणजे सत्तेचाळीस वर्षांचं होईपर्यंत पुस्तकच नाही. पुण्यामुंबईपासून लांब, संस्थानी कचेऱ्यांमधे दिवसभर कागद बघायचे आणि कविता लिहायच्या, कोण वाचणार याची खात्री नसताना. मला हा माणूस फार जवळचा वाटतो. मराठी आपली, घर आपलं, पण दार उघडलं की बाहेर हिंदी, आणि मराठीतला सगळा गजबजाट चारपाचशे मैलांवर. अशा ठिकाणी बसून भाषा इतकी लखलखीत कशी राहिली असेल, याचा विचार करत मी बराच वेळ बसून होते. ग्वाल्हेरला झाशीच्या राणीची समाधी आहे तिथे आम्ही शाळेच्या सहलीत गेलो होतो, आणि तिच्यावरची तांब्यांची कविता आईनं मला त्याआधीच शिकवलेली होती, सबंध वर्गात मला एकटीलाच ती येत होती कारण बाकीच्यांना हिंदीतली येत होती.

आणि मग लतादीदींनी त्यांना घरोघरी नेलं. 'कळा ज्या लागल्या जीवा', 'मावळत्या दिनकरा'. इंदूरला जन्मलेली मुलगी आणि ग्वाल्हेरला गेलेला कवी, दोघं भेटले ते मुंबईच्या रेकॉर्डिंग स्टुडिओत. तांबे तेव्हा हयातसुद्धा नव्हते. तिकडे देवासला कुमारांनी तांब्यांच्या कवितांचा सबंध एक कार्यक्रम बांधला, 'तांबे गीत रजनी', आणि ज्या गावात तांबे शिकले त्याच गावात बसून त्याच्या चाली झाल्या. हे मी तीन वेगवेगळ्या फ्लेक्सवर थोडं थोडं टाकलं, म्हटलं कोणी तिन्ही वाचले तर त्याला सापडेल. आई मधेच 'जन पळभर म्हणतील' म्हणायला लागली, आवाज आता कापतो तिचा, पण शब्द एक चुकली नाही.

पेपरवाल्यांबद्दल घाईतच लिहिलं, तिथे मला स्वतःला कमी पडल्यासारखं वाटतं. राहुल बारपुते, घरी मराठी आणि संपादक हिंदी दैनिकाचे, 'नई दुनिया'चे, जे ५ जून १९४७ ला इंदूरला निघालं. कुमार, चित्रकार विष्णू चिंचाळकर म्हणजे आमचे गुरुजी, नाटकवाले बाबा डिके आणि बारपुते यांची मैत्री इंदुरात अजून सांगतात. गुजराती कॉलेजात इंग्रजी शिकवणारे राजेंद्र माथुर त्यांच्याकडे लिहायला लागले, खेड्यात मास्तरकी करणारे प्रभाष जोशी १९६० मधे विनोबा इंदुरात आले तेव्हा त्यांच्याबद्दल रोज लिहीत होते, आणि पुढे दोघंही दिल्लीत जाऊन हिंदी पत्रकारितेतली केवढी मोठी नावं झाली, माथुर 'नवभारत टाइम्स'ला, जोशींनी १९८३ मधे 'जनसत्ता' सुरू केला. हिंदी पत्रकारितेच्या इतिहासात इंदूरचं जे पान आहे त्यावर एका मराठी घरातल्या माणसाची सही आहे, एवढं तरी आपल्या पोरांना माहीत पाहिजे.

मालतीबाई जोशी आईच्या लाडक्या. जन्म औरंगाबादचा, १९३४, शिक्षण इंदूरचं, हिंदीत कितीतरी कथासंग्रह आणि मराठीतही लिहिलं, २०१८ ला पद्मश्री, २०२४ च्या मे महिन्यात गेल्या. कथाकथनाला उभ्या राहायच्या तेव्हा हातात कागद नसायचा, सबंध कथा पाठ. त्यांच्या कथा म्हणजे मध्यमवर्गीय घर, सासू, सून, बदलीची नोकरी, स्वयंपाकघर. काही टीकाकारांना हे छोटं वाटतं. मला अजिबात नाही वाटत, माझ्या आईची सबंध पिढी दुपारी दोन ते चार या वेळात ज्या गोष्टींवर जगली त्या गोष्टी लिहिणं छोटं कसं.

एक जाता जाता. मराठी साहित्य संमेलन इंदूरला तीनदा झालं, १९१७, १९३५ आणि २००१. ग्वाल्हेरला १९६१ मधे झालं तेव्हा कुसुमावती देशपांडे अध्यक्ष होत्या, संमेलनाच्या इतिहासातल्या पहिल्या बाई. २००१ ला इंदूरला विजया राजाध्यक्ष. हे मी कोणत्या फ्लेक्सवर घालणार, या दोघी काही आमच्या इकडच्या नाहीत, पण मला वाटतं की मांडव तरी आमचा होता.

शेवटी राहिले मुक्तिबोध, आणि ते मुद्दाम शेवटी ठेवले होते कारण मी त्यांना शाळेत शिकवते. गजानन माधव मुक्तिबोध, १३ नोव्हेंबर १९१७, श्योपुर, वडील पोलीस खात्यात, बदल्या. १९३८ ला इंदूरच्या होळकर कॉलेजातून बी.ए. मग शाळांमधून मास्तरकी, उज्जैन, शुजालपूर, आणखी कुठे कुठे. १९४३ मधे 'तार सप्तक' आलं, सात कवींचं, हिंदी कवितेचं वळण बदललं म्हणतात त्यानं, आणि त्या सातांतले दोघं घरी मराठी बोलणारे, एक हे आणि एक ग्वाल्हेरला जन्मलेले प्रभाकर माचवे. मग नागपूर, मग १९५८ पासून राजनांदगावला कॉलेजात. आयुष्यभर पैशाची ओढाताण. १९६४ ला अर्धांगाचा झटका, भोपाळ, मग दिल्लीला हॉस्पिटलमधे बेशुद्ध, ११ सप्टेंबरला गेले. स्वतःचा पहिला कवितासंग्रह त्यांनी छापलेला बघितला नाही. तो त्याच वर्षी आला, ते गेल्यावर.

आणि त्यांचा धाकटा भाऊ. शरच्चंद्र मुक्तिबोध, १९२१, जन्म इंदूरचा. एकच घर, एकच आई, तीच बदल्यांची गावं, आणि एक भाऊ हिंदीत गेला, दुसरा मराठीत. शरच्चंद्रांचा 'नवी मळवाट' हा संग्रह १९४९ चा, मग कादंबऱ्या, पहिलीचं नाव 'क्षिप्रा', उज्जैनची नदी, १९७९ ला समीक्षेच्या पुस्तकासाठी साहित्य अकादमी. हिंदीवाल्यांना धाकटा माहीत नसतो, आणि मराठी वाचणाऱ्यांना थोरला घरचा आहे हे पुष्कळदा माहीत नसतं. मी वीस वर्षं थोरल्याच्या कविता फळ्यावर लिहीत आले आणि धाकट्याचं पुस्तक पहिल्यांदा हातात घेतलं ते या फ्लेक्सच्या निमित्तानं, याची मला खूप हळहळ वाटली. घरात जेवताना हे दोघं कोणत्या भाषेत भांडत असतील? मराठीतच, नक्की. मग एक जण उठून दुसऱ्या खोलीत जाऊन हिंदीत लिहायचा. आम्ही इथले सगळेच थोडेफार तसं जगतो, स्वयंपाकघरात मराठी आणि फाटकाच्या बाहेर पाऊल पडलं की हिंदी, पण त्या ये-जेतून यांनी काय काढलं आणि किती किंमत देऊन काढलं.

दोघांना काकांनी एकच फ्लेक्स दिला होता, साठ-साठ शब्द. त्यावर मात्र मी अडून बसले. दोन फ्लेक्स झाले, शेजारी शेजारी.

गणपतीत रोज संध्याकाळी आरतीनंतर मी मांडवात जाऊन बसायचे, लोक काय वाचतात ते बघत. बहुतेक जण लतादीदींपुढे फोटो काढून घेत होते, त्यात काही चूक नाही. सातव्या दिवशी पाऊस होता, गर्दी कमी, आई पण आली होती, खुर्ची टाकून बसवलं तिला. आमच्या मागच्या गल्लीतला एक मुलगा, अकरावीचा, थोरल्या मुक्तिबोधांसमोर उभा राहिला आणि मला म्हणाला, मावशी, हे आपल्या कोर्सवाले मुक्तिबोध? हे मराठी होते? हो म्हटलं. त्यानं सबंध परिचय वाचला. मग बाजूचा. तो घरी मराठी बोलतो पण मराठी वाचायची सवय नाही, अक्षर न् अक्षर लावत मोठ्यानं वाचत होता, आणि 'नवी मलवाट' म्हणाला.

ळ आहे तो, आई खुर्चीतून म्हणाली. मळवाट.

म्हणजे?

म्हणजे माणसं जाऊन जाऊन, पाय पडून पडून आपोआप झालेली वाट असते ना शेतातनं, ती.

पगडंडी?

हां, तशीच, पण मळलेली, आई म्हणाली, आणि त्याला जवळ बोलावून हाताच्या पंज्यानं हवेत दाबून दाखवायला लागली की कशी मळते.